उतारावरची सदतीस झाडे

तिला वर्गात सगळे ‘तीस वर्षे’ म्हणत. शहराच्या सार्वजनिक बागेत एकोणीस वर्षे माळीकाम केल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ती आमच्या विद्यापीठात भूदृश्य व्यवस्थापन व वृक्षरचना या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दाखल झाली. बाकीचे विद्यार्थी तिच्या मुलांच्या वयाचे होते. कोणी सुबक आराखडा रंगवून भिंतीवर लावला, की मागच्या बाकावरून तिचा ठरलेला प्रश्न येई, “छान आहे. पण तीस वर्षांनी हे कसं दिसेल? आणि तोवर याच्याकडे बघणार कोण?” पहिल्या सत्रात मुले हसली. दुसऱ्या सत्रात तीच मुले आराखडा लावण्याआधी तिला हळूच दाखवून घेऊ लागली.

तिचा नवरा बसचालक होता. कधी कधी तो तिला फाटकापर्यंत सोडायला येई. एकदा माझ्यादेखत म्हणाला, “साहेब, हिला आजच्या कामाचं फळ तीस वर्षांनी मिळालं तरी चालतं. मला आपला आजचा चहा आजच लागतो.” ती म्हणाली, “मग स्वतः करून घेत जा की.”

मी त्या वेळी विद्यापीठाचा परिसर अधीक्षक होतो. रस्ते, हिरवळी, कुंपणे आणि झाडे माझ्या अखत्यारीत येत. मी नीटनेटकेपणाचा भोक्ता होतो आणि आजही आहे. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे मी हाताखालच्या लोकांना बजावीत असे. ती माझ्या कार्यालयात येताना चिखलाच्या वहाणा दाराबाहेर काढून ठेवी आणि बोलण्याआधी खिशातला कागद पाहून घेई. त्यामुळे माझे तिच्याविषयीचे मत चांगले होते.

तिच्या प्रबंधाचा विषय होता ग्रंथालयामागचा उतार. तेथे नऊ वर्षांपूर्वी जोड्यांनी लागवड झाली होती. सावकाश वाढणाऱ्या, पण शंभर वर्षे टिकणाऱ्या प्रत्येक झाडाशेजारी एक जलद वाढणारे झाड लावलेले होते. त्याला ती दाई-झाड म्हणे. कोवळ्या झाडाला सावली द्यायची, वारा अडवायचा आणि काम झाले की बाजूला व्हायचे. अशा सदतीस जोड्या होत्या. दायांनी आता दुमजली उंची गाठली होती आणि त्यांच्या खालची झाडे मनगटाएवढ्या खोडांनिशी प्रकाशासाठी वाकू लागली होती. “दाई वेळेवर गेली नाही तर लेकरू खुरटतं, साहेब,” ती म्हणाली. तिने तीस वर्षांच्या देखभालीची योजना लिहिली. पहिल्याच हिवाळ्यात सदतीस दाया तोडायच्या होत्या. विभागाने योजना मंजूर केली आणि ती पदवीधर झाल्यावर उताराची पर्यवेक्षक म्हणून तिलाच नेमायचे, असेही ठरले.

तोडायच्या प्रत्येक खोडावर गुडघ्याच्या उंचीला तिने पिवळ्या रंगाचा पट्टा काढला. मला म्हणाली, “मी हजर असल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका.” मी ते टिपून घेतले.

त्यानंतरच्या आठवड्यात विद्यापीठाच्या तपासणीसाठी समिती यायची होती. आदल्या दिवशी मी परिसरातून फेरी मारली. रांगेतील सर्व खोडांना कमरेपर्यंत चुना लावण्याची माझी पद्धत होती. उतारावर ते पिवळे पट्टे पाहून चुना लावणारा थांबला. “साहेब, याच्यावरून लावू का?” त्याने विचारले. पट्टे वेडेवाकडे होते, काहींचे ओघळ आले होते. नकाशा फायलीत आहेच, असा विचार करून मी म्हणालो, “लाव. सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे.”

समिती प्रसन्न होऊन गेली. तिसऱ्या दिवशी लाकूडतोडे ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच आले, कारण त्यांना पुढे दुसरे काम होते. ती परीक्षेच्या दालनात पेपर लिहीत होती. त्यांना परत पाठवणे शक्य होते, परंतु पुन्हा केव्हा येतील याची खात्री नव्हती. मी त्यांच्या मुकादमाच्या हाती नकाशा दिला.

नकाशावर मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची वर्तुळे होती आणि लहान वर्तुळांवर फुली होती. तो नकाशा तिने तिच्या रीतीने, म्हणजे तिसाव्या वर्षाचा विस्तार धरून काढला होता. मोठे वर्तुळ हे आज मनगटाएवढे असलेले झाड होते, तर लहान वर्तुळ म्हणजे आजची दुमजली दाई. मुकादमाने डोके खाजवले.

“छोटी वर्तुळं काढायची. म्हणजे लहान झाडं, साहेब? मोठी ठेवायची?”

मला शंका आली होती. हे मी येथे स्पष्ट लिहितो. पण नकाशा आपल्याला कळला नाही, असे मुकादमासमोर म्हणणे मला जमले नाही.

“नकाशात आहे तसं करा,” मी म्हणालो.

दुपारपर्यंत त्यांनी सदतीस झाडे कापली. मी मोजली. संख्या जुळली.

पेपर संपवून ती थेट उतारावर आली.  एकेका खुंटापाशी वाकून कापलेला भाग तळव्याने चाचपत ती वरपर्यंत गेली.

चौकशी झाली तेव्हा उताराच्या नोंदवहीत अहवाल मीच लिहिला. त्यातले वाक्य मला पाठ आहे, ‘तोडणीच्या दिवशी झाडांवर कोणतीही खूण आढळली नाही व नकाशातील चिन्हे संदिग्ध होती.’ यातला एकही शब्द खोटा नाही. आयुष्यात इतके काटेकोर वाक्य मी दुसरे लिहिलेले नाही. चुना लावणाऱ्याला कोणी बोलावले नाही आणि मीही त्याचे नाव सुचवले नाही. तिचा प्रबंध जेमतेम उत्तीर्ण ठरला. नेमणूक रद्द झाली आणि ती सार्वजनिक बागेत परत गेली.

त्याला बारा वर्षे लोटली. मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी माझ्या नातीने त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. एका संध्याकाळी ती उताराच्या नोंदवहीची छायाप्रत घेऊन माझ्यासमोर बसली.

“आजोबा, हे तुमचं अक्षर ना? सर दरवर्षी हे पान शिकवतात. खुणा न करता तोडणी ठेवली की काय होतं, त्याचा नमुना म्हणून.” ती हसली. “काय बाई असेल. झाडं तोडायला सांगितली आणि खुणा करायला विसरली.”

मी चष्मा पुसत बसलो. बारा वर्षे माझ्या वाक्याने तिला दरवर्षी एका नव्या वर्गासमोर उभे केले होते. “ती विसरली नव्हती,” मी म्हणालो आणि नातीला सर्व सांगितले. तिने कागद गोळा केले आणि एवढेच विचारले, “त्यांना माहीत आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो. तिचे केस पांढरे झाले होते. ती रोपवाटिकेत कुंड्या हलवत होती. मी उभ्याउभ्याच सांगितले. ती काम करता करता ऐकत होती.

“चुन्याचं मला कळलं होतं,” ती म्हणाली. “खोड खरवडलं तर खाली पिवळं दिसलं. मला वाटलं, लावणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल. मग मी स्वतःलाच म्हणत राहिले, रंग फिका घेतलास, गडद घ्यायला हवा होतास.” मग तिचे हात थांबले. “तुम्ही पट्टे बघितले होते?”

“होय.”

“बघून लावायला सांगितलंत?”

“होय.”

ती पुन्हा कुंड्या हलवू लागली. मी क्षमा मागितली. “ते राहू द्या,” ती म्हणाली. “वहीत लिहा. जो कोणी पुढे तो उतार सांभाळेल, तो वही वाचून काम करणार. त्याला वाटेल, माझ्या सगळ्याच खुणा बिनभरवशाच्या. आणि खुंटांना फूट आली असेल. एकेका खुंटाचा एकच सरळ फुटवा राखून बाकीचे काढले असते, तर झाडं परत उभी राहिली असती. कोणी काढले का?”

मला माहीत नव्हते. मी निवृत्तीपर्यंत रोज त्या उताराखालून जात होतो.

विभागातला लिपिक म्हणाला, निवृत्त माणसाला वहीत लिहिता येत नाही, अर्ज करा. हा नियम मीच केला होता. मी अर्ज केला. जुन्या नोंदीला धक्का न लावता तिच्याखाली नवी नोंद केली आणि या वेळी चुना लावणाऱ्याचा प्रश्न व मुकादमाचा प्रश्न माझ्या उत्तरांसह उतरवला. विभागाच्या सरांनी ते दोनदा वाचले आणि तिला निरोप धाडला.

ती रविवारी आली. बरोबर छोटी करवत होती. वर्गातली दहा-बारा मुले जमली होती, त्यांत माझी नात होती. मी वही घेऊन तिच्या मागून निघालो. कोणते फुटवे राखले ते लिहून घेणे मला जमण्यासारखे होते.

पायऱ्यांशी ती वळली. “साहेब, तुम्ही इथंच थांबा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने हात पुढे केला, मी वही दिली आणि तिने ती माझ्या नातीकडे सोपवली.

मी ग्रंथालयाच्या कठड्यावर बसलो. वरून करवतीचा आवाज येऊ लागला. मधूनच तो थांबे, ती काहीतरी सांगे आणि मुले एकदम गप्प होत. काय सांगत होती, ते मला खाली ऐकू येत नव्हते.