शाळेतलं जनावर

चहा घ्या, पण कप जरा जपून धरा, कारण तुमी हसणार आन् माझा राग पुन्हा चढणार! ही फजिती सोनपेठच्या बाजारात लोक अजून चवीनं सांगायलेत.

मी गावातल्या शाळेवर मास्तर. शाळेच्या मागं आमची प्राणीबाग. आत्ताच हसू नका! जाळीचा एक पिंजरा आन् त्यात एक पांढरा, लय आळशी ससा, मोती. एकच प्राणी असला म्हणून काय झालं? लेकरांनी पाटी रंगवून लावली होती, बाग ती बागच.

तर बाजाराच्या दिवशी मी घरी जेवून परत आलो. बघतो तर पिंजऱ्याला कुलूप तसंच, आन् मोती गायब!

चोरी! माझ्या शाळेत! डोक्यात नुसता जाळ उठला. वर हेडमास्तर म्हणाले, "उद्यापर्यंत ससा न्हाई सापडला तर पिंजरा भंगारात देऊन टाकू." झालं, लेकरांनी भोकाडच पसरलं. चौथीतली प्रज्ञा तेवढी रडली न्हाई. पिंजऱ्याभोवती फिरली आन् म्हणाली, "सर, कुलूप शाबूत हाय. म्हंजे चोराकडं किल्ली हाय. किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडं."

"मंग चोर तुमीच!"

"मोठ्या माणसाला असं बोलतेत का गं?" मी डाफरलो.

दिवस मावळताना मी तरातरा मारुतीच्या देवळात गेलो आन् भोंगा सुरू केला. आता तपासात सगळंच उघड करायचं नसतं, एवढी अक्कल मला हाय. ससा म्हणलं की चोर सावध होणार! म्हणून मी काय म्हणलं?

"शाळेतलं जनावर गेलंय! ज्याच्या घरात असंल त्यानं मुकाट्यानं आणून द्यावं. न्हाईतर चोराचं नाव मी उद्या परिपाठाला सगळ्यांसमोर घेईन!"

गावाकडं दिवस मावळल्यावर सापाला साप म्हणत न्हाईत, जनावर म्हणतेत. मला ठाऊक नव्हतं का? होतं हो! पण रागात काय आठवतंय?

घडीभरात अख्खं गाव रस्त्यावर. आमच्या शेजारची सरूआजी सगळ्यांच्या पुढं.

"गुर्जी, शाळंत जनावर पाळता व्हय तुमी?"

"पाळतो! लेकरायला लय लळा हाय त्याचा. मांडीवर घेऊन बसतेत."

"मांडीवर? आगं माय माय! आन् चावलं म्हंजे?"

"चावतं की कधीमधी. हळद लावायची, झालं!"

आजी मटकन खालीच बसली. बाया माझ्यावर तुटून पडल्या. लेकरायच्या जिवावर उठलाव का म्हणं! आता मला सांगा, चोरी कुणाची झाली? माझी! आन् बोलणी कुणाला? मलाच! चोर सोडून संन्याशाला फाशी!

तेवढ्यात गणपत आला. साधा शेतकरी माणूस. हातात घागर, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"गुर्जी, आमच्या कडब्यात घावलं. घ्या तुमचं."

"मोती! आलास का रे माझ्या राजा!" म्हणत मी फडकं सोडलं. आन् आतून धामणीनं तोंड वर काढलं.

घागर एकीकडं, चप्पल एकीकडं, मी देवळाच्या कट्ट्यावर! धामण बिचारी शेताकडं निघून गेली.

"अहो, ससा! ससा म्हणायलाव मी!" मी वरून बोंबललो.

"सशाला जनावर कोन म्हनतं?" आजी खवळली.

"मंग काय फळभाजी म्हणू?"

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, पळत या! पलंगाखाली जनावर हाय! तुमची बाजाराची पिशवी हलायलीय!"

पळत गेलो खरा, पण अंगणातल्या बाजेवर चढलो. तुमी बी चढला असता! सगळं गाव मागून आलेलं. शेवटी सरूआजीच काठी घेऊन आत गेली. बाहेर आली तर पदरात काय? मोती!

"घ्या गुर्जी, तुमची फळभाजी."

झालं काय होतं, दुपारी लसूणघास टाकताना मी पिशवी पिंजऱ्यात ठेवली होती. त्यात हा शिरला आन् झोपला. मी पिशवी उचलली, कुलूप लावलं, तडक घरी गेलो आन् ती पलंगाखाली सारली. पिशवी जड लागली होती हो! पण बायकोनं भोपळा सांगितला होता, मला वाटलं भोपळाच हाय. भोपळा तर मी घ्यायचाच विसरलो होतो.

पिंजरा वाचला. पण दुसऱ्या दिवशी परिपाठाला कुंपणाबाहेर ही गर्दी! प्रार्थना झाली, सुविचार झाला, आन् प्रज्ञा उभी राहिली.

"सर, तुमी चोराचं नाव घेणार होता."

घेतलं मंग. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं मोठ्यानं घेतलं.

प्रज्ञा जागेवरूनच म्हणाली, "सर, मोठ्या माणसाला असं बोलतेत का?"