नापास काकू

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकूंना सगळी बिल्डिंग ‘नापास काकू’ म्हणायची, आणि हे त्यांना माहीत होतं. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केलेली बाई. आयुष्यभर लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेतला आणि रिटायर झाल्यावर तेच काम फुकट करायला लागल्या. फरक एवढाच, की आता लोक कर्ज नाही, कुत्रा मागायला यायचे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही घराला आपला कुरळ्या केसांचा पूडल जड झाला, की तो मानपाड्याला काकूंकडे यायचा आणि नवं घर मिळेपर्यंत राहायचा.

नवं घर सहजासहजी मिळायचं नाही, कारण काकू कांदेपोह्यांचा कार्यक्रम करायच्या. मुलगी बघायला येतात ना, अगदी तसा. हॉलमध्ये कुत्रा, समोर पाहुणे, मध्ये पोह्यांच्या बशा. पोहे मी करायचे, कारण काकूंच्या हातचे पोहे म्हणजे भिजवलेला पुठ्ठा. पाहुण्यांना वाटायचं आपण मुलाकडचे, जरा ऐटीत बसावं. थोड्या वेळानं कळायचं, की बघायला आपल्यालाच बोलावलंय.

काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला. “याला आधीच्यांनी का सोडलं, ते विचारलंत का मला?” कोणीच विचारलेलं नसायचं. मग दिवसा घरी कोण असतं, सोसायटीत कटकट करणारा सेक्रेटरी आहे का, हा भुंकला तर सेक्रेटरीची बाजू घेणार की याची, अशी सरबत्ती. ठाण्याचं एक जोडपं म्हणालं, “आम्हाला पूडलच हवा, केस गळत नाहीत ना. फर्निचर नवीन आहे.” काकूंनी शेजारी बसलेल्या कुत्र्याच्या कानामागे बोट घालून आतला गुंता दाखवला. “गळत नाहीत म्हणून असे अडकतात. रोज कातडीपर्यंत विंचरायचं, कान पुसून कोरडे ठेवायचे, नाहीतर आतून सडतात. तुम्ही सोफाच पाळा. तो भुंकतही नाही.”

ठाकुर्लीचा एक मुलगा नुकत्याच एकट्या पडलेल्या आईला घेऊन आला. आईला सोबत हवी, म्हणाला. काकूंनी त्याला गप्प बसवून आईला विचारलं, “तुम्हाला हवाय का हो?” ती बाई मुलाकडे बघायला लागली. “यांना कुत्रा नकोय,” काकू म्हणाल्या, “मुलगा हवाय. तो माझ्याकडे नाही मिळत.” ती माउली जिन्यात पदर तोंडाला लावून उभी होती. मी काकूंना वाट्टेल ते बोलले. त्या बशा उचलत म्हणाल्या, “खोटं बोलले का मी?” मला त्यांचा इतका राग आला होता, की आठवडाभर त्यांच्याकडे गेले नाही.

पण खरी परीक्षा प्रश्नांची नव्हतीच, पोह्यांची होती. पाच-दहा मिनिटांत कुत्रा पाहुण्यांच्या गुडघ्याशी येऊन असा काही बघायचा, की दगडालाही वाटावं, द्यावा एक घास. जो द्यायला वाकला, तो नापास. कांदा कुत्र्याला विष. घास जमिनीला टेकायच्या आत काकू तो उचलायच्या आणि म्हणायच्या, “तुमचं प्रेम आहे, लक्ष नाही. या आता.” पाहुणे निम्मे पोहे तसेच टाकून चपला शोधायचे.

ही परीक्षा कॉफीमुळे सुरू झालेली. कॉफी म्हणजे काकूंच्या घरी कायमचा राहिलेला तपकिरी पूडल. आधीच्या घरात त्याला लाडानं रोज रस्सा-चपाती मिळायची. त्या रश्श्यातल्या कांद्यानं त्याचं रक्त कमी झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, आणि मरायला टेकला तेव्हा त्या लाड करणाऱ्यांनी त्याला काकूंच्या दारात आणून ठेवलं. “एका घासानं मरत नाही ना,” काकू म्हणायच्या, “म्हणून तर लोक रोज देतात.” त्याचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. कोणाचंच बदलायच्या नाहीत. घर गेलंच आहे, नाव तरी राहू दे, असं त्यांचं म्हणणं.

पास होणारेही असायचे. मानपाड्याच्याच एका जुन्या शेतकरी घरातले आजोबा आले, त्यांनी कुत्रा जवळ येताच बशी उचलून फ्रिजवर ठेवली. “मी नसलो तं सून बघल,” म्हणाले, “तिला इचारून आलोय.” काकूंनी तिथल्या तिथे पट्टा त्यांच्या हातात दिला. मी त्यांना कोणावर इतकं खूश झालेलं पुन्हा पाहिलं नाही.

आणखी एक नियम होता, तो मला कधीच सोसला नाही. ज्यानं कुत्रा सोडला, त्यानं पुन्हा भेटायला यायचं नाही. कळव्याची एक मुलगी आपल्या कुत्र्याला बघायला आली, डोळे सुजलेले. आतल्या खोलीत तो तिचा आवाज ओळखून दार ओरबाडत होता. काकू दारात आडव्या उभ्या. “तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्याला पुन्हा एकदा सोडून जाणार? या आता.” संध्याकाळपर्यंत तो कुत्रा दाराशीच बसला होता आणि काकू त्याच्या शेजारी फरशीवर.

मग काकू विसरायला लागल्या. गॅस, किल्ल्या, एकदा माझं नावही. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. एका रविवारी सकाळी मी घरचेच पोहे त्यांना दिले आणि बोलत बसले. कॉफी त्यांच्या गुडघ्याशी आला. काकूंनी माझ्याशी बोलता बोलता चिमूटभर पोहे घेतले आणि त्याच्या तोंडात दिले. त्यानं ते खाल्लेही.

“काकू,” मी म्हटलं, “पोहे आहेत ते.”

त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. बोटांना हळद लागली होती. “काल पण दिले असतील,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, होतं असं, एखाद्या वेळी. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग बशी बाजूला सारून, त्या ठाण्याच्या जोडप्याशी बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, “प्रेम आहे, लक्ष नाही.”

त्याच दिवशी त्यांनी मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. सगळे प्रश्न विचारले. मी पोहे खाल्ले, कॉफीनं आशेनं बघितलं, मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. “तुला पेपर आधीच माहीत होता,” काकू म्हणाल्या. “पण दुसरं कोणी नाही आता.” आणि पट्टा माझ्या हातात दिला.

चार पावलांवर माझं घर. कॉफी रोज फिरून आला, की त्यांच्या दाराशी बसायचा, शेपटी फरशीवर आपटायचा. आतून टीव्हीचा आवाज वाढायचा. मी एकदा बेल वाजवून म्हटलं, “काकू, नियम बाहेरच्यांसाठी होता, तुमच्यासाठी नाही.” आतून उत्तर आलं, “त्याला घेऊन जा, वृषाली.” त्या दिवशी नाव बरोबर आठवलं होतं.

शेवटी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. मी दाराआड कॉफीला धरून उभी होते. बॅगांची चाकं लिफ्टकडे गेली, आणि काकूंची पावलं मात्र आमच्या दाराशी थांबली. कॉफी थरथरायला लागला.

“कान पुसलेस का त्याचे?” त्यांनी विचारलं.

“पुसले, काकू.”

“कोरडे आहेत?”

“आहेत.”

मग त्या म्हणाल्या, “दार उघडू नकोस हं.”