डेटाबेसाकडे जायची वाट

माझ्या साडूंइतका खोल विचार करणारा माणूस आज डिचोली तालुक्यात दुसरा नाही. पेडण्याबद्दल मी खात्री देत नाही, कारण तिकडे माझं जाणं कमी. पण कारापूरच्या त्यांच्या घरी एका सकाळी न्याहारीची पोई घ्यायला बाहेर पडलेले साडू मी स्वतः पाहिले आहेत. पाववाल्या पोदेराला हाक मारावी, त्याच्यामागे जावं की तो परतताना गाठावा, याचा विचार करत ते पायरीवर उभे होते, आणि पोदेराची सायकल वळणाआड गेली तरी उभेच होते. त्या दिवशी घरात सर्वांनी बिस्किटं खाल्ली. साडूंनी ती समाधानाने खाल्ली. त्यांच्या मते प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार झाला होता. फक्त पोई राहिली होती.

ते नकाशांचं सॉफ्टवेअर बनवतात. पूर्वी एका खाणीच्या ऑफिसात नकाशे काढत असत. खाण बंद पडली, हाताची सवय राहिली. त्यांना कोणी रस्ता विचारू नये. चहात बोट बुडवून ते टेबलावर रस्ता काढतात, आधी उत्तर दिशा दाखवतात, आणि रस्ता संपण्याआधी चहा वाळला तर बशीतला उरलेला ओततात. मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाहुणे असले की त्यांना बशी देणं बंद केलं आहे.

अशा माणसाला सर्वणच्या एका शेतकरी संस्थेने काम दिलं. शेतात उभं राहून फोन उघडला की हा तुकडा कोण कसतो, बांध कुठून कुठे जातो, पाटाचं पाणी आधी कोणाला आणि मग कोणाला, हे सगळं दिसायला हवं. साडूंना स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलं काम. दरम्यान मेव्हणीच्या चुलतभावाने मोपाच्या विमानतळावर, कुठल्याशा ऑफिसात, त्यांच्यासाठी एक खुर्ची बघून ठेवली होती. मेव्हणीने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "भावजी, गणपतीच्या चवथीआधी ह्यांनी नकाशा दाखवला आणि लोकांना पटला, तर मी काही बोलणार नाही. नाहीतर मोपा." साडूंना मोपाचं वावडं विमानांमुळे नव्हतं. तिथे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असणार होतं, आणि स्वतः ठरवणं, जमत नसलं तरी, हे त्यांचं एकमेव व्यसन.

नकाशा लवकर झाला. अडलं एकाच ठिकाणी. सगळी माहिती डेटाबेसात, म्हणजे दूरच्या एका संगणकातल्या नीट लावलेल्या कोठारात. प्रोग्रामने ती तिथून मागायची कशी? मला कळावं म्हणून साडूंनी स्वयंपाकघराचं उदाहरण घेतलं. चहा हवा आहे. पहिली पद्धत, स्वतः उठून आत जायचं आणि बायकोला तिच्या भाषेत विचारायचं. दुसरी, आईला सांगायचं. ती आपलं म्हणणं योग्य शब्दांत आत पोचवते, पण वेळ लावते आणि थोडं स्वतःचंही घालते. तिसरी, सकाळीच थर्मास भरून जवळ ठेवायचा. मला थर्मास ताबडतोब पटला. साडूंनी नकारार्थी मान हलवली. सकाळी फोनात भरून ठेवलेली माहिती दुपारी शिळी. मी त्यांना आठवण करून दिली की ते रोज न्याहारीला कालची कढी आवडीने खातात.

"कढी मुरते, बाब," ते म्हणाले. "माहिती नासते."

पुढे पावसाळाभर ते सकाळी पहिल्या पद्धतीचे असत आणि जेवणानंतर दुसऱ्या. दोन्ही लिहून झाल्या, दोन्ही पुसून झाल्या. चवथ तोंडावर आली तेव्हा आमच्याकडे लग्न, विहीर आणि भावकीचे तंटे ज्या रीतीने सुटतात, तीच त्यांनी धरली. देवाला कौल लावायचा ठरवला. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि कुठली आधी पडते ते पाहतात. मी सोबत गेलो. साडूंनी गुरवाला तिन्ही पर्याय समजावले, चहासकट. गुरवाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की देवाला बाजू दोनच. तीन घेऊन अजून कोणी आलं नव्हतं. साडू थोडे घुटमळले. मग थर्मास बाहेर चपलांपाशी राहिला आणि उरलेले दोन आत गेले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू कंप्युटराचां काम करता. ह्येचो प्रोग्राम डेटाबेसाकडे थेट जावंदे, काय मदी कोणाक घालून जावंदे, तां तूच सांग. थेट जावचो आसात तर उजवी दी, म्हाराजा."

आम्ही सर्वांनी "होय म्हाराजा" म्हटलं. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असं मेव्हणी सांगते. उजवी पाकळी पडली. साडूंचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता. चवथीच्या आधीच काम पुरं झालं.

दाखवायच्या दिवशी संस्थेचे लोक बांधावर जमले. साडूंनी फोन उघडला. नकाशाची चौकट आली आणि आत सगळं पांढरं. डोंगराच्या आडोशाला रेंजच नव्हती. कोठारापर्यंत निरोप जातच नव्हता, मग तो थेट असो की आईमार्फत. साडू हात उंच धरून बांधाबांधाने फिरले. एका म्हाताऱ्याने फोनात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बरो आसा नकाशो. खंयच बांध ना, म्हणजे झगडोय ना." बांधच नाही तर भांडण कसलं, म्हणून सगळे हसले. साडूही हसले. कोणी रागावलं नाही. पुढे बघू, एवढंच म्हणाले, आणि आमच्याकडे त्याच्यापुढे कोणी काही बघत नाही.

परतताना मी देवाविषयी काहीतरी खोचक बोललो. "देवाचं काय चुकलं?" साडू म्हणाले. "त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. मीच प्रश्न अर्धा नेला."

चवथीनंतर ते मोपाला जाऊ लागले. तिथला प्रोग्राम आधीच लिहिलेला आहे. तो डेटाबेसाकडे कुठल्या वाटेने जातो हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पासवर्ड मात्र दिला. ते वेळेवर निघतात, वेळेवर येतात. मेव्हणीच्या मनासारखं झालं होतं, पण एकदा घरी आली तेव्हा ती म्हणाली, "भावजी, हल्ली काहीही विचारलं तरी लगेच हो म्हणतात. घर ओकंओकं वाटतं."

रविवारी रविवारी बसून त्यांनी तिसरी, थर्मासची पद्धत पुरी केली. मला दाखवताना फोनचं नेटवर्क मुद्दाम बंद केलं. नकाशा क्षणात उघडला. बांध, पाट, प्रत्येक तुकड्यावर कसणाऱ्याचं नाव. सुंदर होता. आम्ही दोघं पाहत बसलो. आता हे संस्थेला कळवायचं. स्वतः जावं, कोणाला मध्ये घालावं की फोन करावा, याचा ते सध्या विचार करत आहेत, आणि मेव्हणी पुन्हा त्यांच्यावर ओरडू लागली आहे.

सर्वणच्या डोंगरावर मध्यंतरी टॉवर उभा राहिला. शेतात आता पूर्ण रेंज येते आणि तिन्ही पद्धती सारख्याच चालतात.