गणपतीच्या कारखान्यातला पियानो

मूर्ती करताना मोडलेले हात, कान, सोंडा कोपऱ्यात पडतात. टाकून देऊ म्हणतो आणि ढीग वाढतच जातो. या पियानोवाल्यांचे किस्सेपण माझ्याकडे असेच साठलेत. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, जसं घडलं तसं सांगतो.

पेणजवळ जोहे गावात माझा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. गणपती गेले की शेड रिकामी. रोह्याची नीला पियानो वाजवते, नवरा श्रीधर व्हायोलिन. दोघांनी येऊन विचारलं, "काका, इथे कार्यक्रम करू?" शेडमध्ये आवाज छान घुमतो म्हणे. मी म्हटलं, करा, पण झाडून द्या.

*

पियानो टेम्पोतून आला. कपाटासारखा उभा, वजनाला मरणाचा. माझ्या कारागिरांना उचलायची एकच रीत माहीत. गणपतीच्या तोंडावर बांधतात तसा आधी पियानोवर रुमाल बांधला, मग "मोरया!" करून उचलला.

नीला म्हणाली, "अहो, रुमाल कशाला?"

कारागिरांतला बबन म्हणाला, "जागेवर बसल्याबिगर देवाचं तोंड उघडत नाय आमी."

तेव्हापासून कार्यक्रमाला रुमाल बबननंच सोडायचा. त्याआधी ती पट्टीला बोट लावत नसे.

*

एकदा वाजवता वाजवता नीलानं पियानोची पुढची फळी काढली नि आत हात घालून तारा छेडायला लागली. मला वाटलं, बिघडला! पान्हा घेऊन मी थेट स्टेजवर.

ती हळूच म्हणाली, "काका, असंच लिहिलंय."

मी म्हटलं, "मग लिहिणाऱ्याला बोलव, त्याला दाखवतो पान्हा!"

*

पेणचे एक सर पुढच्या खुर्चीत बसायचे. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी विचारलं, "यात नक्की सांगायचंय काय?"

श्रीधर म्हणाला, "लिहिणारा जिवंत आहे सर. फोन लावून देऊ?"

सर चहाला गेले.

*

मी श्रीधरला तोंडावर सांगितलं होतं, "तुमचं वाजवणं मला काय कळत नाय."

तो म्हणाला, "मलाही पुरतं कळत नाही काका. कळलं असतं तर रोज कशाला वाजवत बसलो असतो?"

एवढं सरळ उत्तर मला कुठल्या शिकलेल्या माणसानं दिलेलं नाय.

*

श्रीधर गेला. निडी स्टेशनवर गाडीची वाट बघत होता, छातीत कळ आली, बाकावरच संपलं. व्हायोलिन मांडीवर होतं.

वर्ष उलटून गेलं तरी नीला आली नाय. पियानो माझ्याकडे, कच्च्या मूर्तींच्या मधे, प्लास्टिकखाली. मी फोन केला.

ती म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाका काका. मी आता वाजवणार नाही. माझं सगळं दोघांचं होतं."

मला गोड बोलता येत नाय. म्हटलं, "देणार नाय. गणपती गेले की ये आणि एकदा वाजव. मग हवं तर तूच तुझ्या हातानं दे."

*

आली. शेड भरली होती. मिठागरावरच्या बाया, पेणचे ते सर, सगळे. बबननं रुमाल सोडला. तिनं पियानो-व्हायोलिनचं, दोघांचंच वाजवायला घेतलं, एकटीनं. शेजारी श्रीधरची खुर्ची रिकामी.

थोडं वाजवलं आणि थांबली. हात मांडीवर घेतले. मान खाली.

मी मनात म्हटलं, गेलं! ही आता उठणार आणि परत कधी पियानोला हात लावणार नाय. मीच हिला बोलावून घेतलं.

पुढे बसलेली येसूमावशी, जन्म मिठागरात गेलेली, हळूच म्हणाली, "संपला काय गो बाय?"

नीलानं मान वर केली नाय.

"नाही मावशी. त्यांचं चाललंय."

येसूमावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि हात जोडून उभी राहिली. मागोमाग सगळी शेड उभी राहिली. खोकला नाय, खुर्चीचा आवाज नाय.

बऱ्याच वेळानं नीलानं हात पट्ट्यांवर ठेवले आणि पुढचं वाजवायला लागली.