उभ्यानं मोजा

"आडवा हो," शेट म्हणाला.

मी झालो. कोणी ढकललं नाय, कोणी मान धरली नाय. वखारीतली पोती वाहून नुकताच आलो होतो. अंगाला भाताचा कोंडा चिकटलेला. तसाच शेटच्या ओटीपुढं अंगणात उताणा पडलो. वय चोवीस. भरलं पोतं एकट्यानं पाठीवर घ्यायची ताकद. पण शेट म्हणाला आडवा हो आणि मी आडवा झालो. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं सगळं त्यातनं निघालंय.

महाडात नदीच्या अंगाला शेटची भाताची वखार होती. गाड्यांवरचं भात आम्ही हमाल वखारीत रचायचो आणि वखारीतलं मचव्यात चढवायचो. रोजचे चार आणे आणि राहायला खोपट फुकट. फुकट हा शब्द शेट दर वेळी दोनदा म्हणायचा. वखारीमागं ओळीनं चार खोपटं. कुडाच्या भिंती, वर पेंढा. मधोमध, आढ्याखाली उभा राहिलो तरी डोक्याला पेंढा टोचायचा. आणि फुकट म्हणजे काय, तर बायकोनं रोज शेटच्या घरचं भात कांडून द्यायचं. शेटचं झालं की मग आपलं. तेही शेटच्या गोठ्याच्या पडवीत, कारण आमच्या खोपटात मुसळ उचलायला वर जागा नव्हती. मुसळ तेवढं आमचं.

त्या दिवशी मी सहा आणे मागायला गेलो होतो. कुंभारआळीत एक खोली बघून ठेवली होती. मातीच्या भिंती, वर कौलं, उभं राहता येईल अशी. भाडं महिन्याला तीन रुपये. चार आण्यांत एवढं भाडं दिलं तर अर्धा महिना चूल पेटते, अर्धा महिना नाय. पावसाळ्यात मचवे बंद, म्हणजे ती पण नाय. सहा आणे मिळाले तर भाडंही निघतं आणि पोटही. साळूचे हात पण मोकळे होतात. साळू म्हणजे माझी बायको. तेव्हा नाव घ्यायची पद्धत नव्हती. आता ती नाय, म्हणून घेतो.

शेटची नवी माडी उठत होती. सुतार गज घेऊन वाशांची मापं घेत होता. पुण्याहून आलेला शेटचा साडू पान लावत बसला होता.

"सहा आणे?" शेट साडूकडं बघून हसला. "घर फुकट आहे ना रे तुला? फुकट!"

"त्या घरात उभं राहता येत नाय, शेट."

"माझे बैल राहतात की उभे."

"त्यांचा गोठा उंच हाय."

"बैलाला शिंगं असतात. तुला फुटली की सांग. उंच बांधून देतो."

साडूला ठसका लागला हसून. त्यानं शेटला रंग चढला. "सुतारा, मोज रे याला. किती घर लागतं याला ते बघू एकदा. आडवा हो."

सुतारानं माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत गज लावला. त्याचा हात थांबत होता, पण लावला.

"साडेतीन हात," तो म्हणाला. "दोन बोटं कमी."

"ऐकलंस? खोपट आठ हातांचं आहे. साडेचार हात जागा मी तुला जास्तीचीच दिली. तिचं भाडं मागू काय?"

"आणि बायको?" साडूनं विचारलं.

"ती कुठं जाते? त्याच्याच कुशीत."

सगळे हसले. मी उठलो, पाठीची माती झटकली. आणि हे पण लिहितो, लपवत नाय. मी पण हसलो.

खोपटात आलो तर साळू हाताला तेल चोळत बसलेली. तळहातांना घट्टे, आणि घट्टे फुटून भेगा.

"काय म्हणला शेट?"

"बघतो म्हणला."

तेल चोळून झालं, मग म्हणाली, "खोटं कशाला बोलताव? पडवीतच होते मी. तुमाला मोजलं ते आयकलं. माझं मोजायचं ऱ्हायलं."

मी अंगाचा कोंडा झटकायला लागलो.

"मला मोजायचं तर मुसळ वर गेल्यावर मोज म्हणावं. निजल्यावर काय मोजतो? निजून घर लागतं व्हय कुणाला?"

ती रागानं नव्हती बोलली. बाजारात भाव विचारावा तशी बोलली. पण माझ्या कानशिलात बसली.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण त्या वेळी एक गोष्ट मला समजली, ती समजायला मला तीन-चार वर्षं उशीर झाला होता. चवदार तळ्यावर माणसं येऊन पाणी प्यायली तेव्हा मी महाडात नवा होतो. मी कुणबी. मला तळं बंद नव्हतं. वखारीच्या दारात उभा राहून मी म्हणालो होतो, "यांना एकदम कसली पाण्याची हौस आली?" शेट म्हणत होता तेच मी म्हणालो. शेटचं तोंड आणि माझं तोंड एक. आता अंगणात माझ्याच पाठीला माती लागली तेव्हा कळलं, ती माणसं नुसत्या तहानेनं आली नव्हती. कोणीतरी त्यांना पण मोजलं होतं, आणि ती उठून उभी राहिली होती. मी मात्र हसून खोपटात आलो होतो.

पुढं वैशाख आला. शाकारणीचे दिवस. खोपट शेटचं, पण पावसाआधी वरचा पेंढा बदलायचा हमालानं, वासे मोडले तर आणायचे हमालानं, आणि खोपट सोडलं तर सगळं तिथंच ठेवून जायचं. रीतच होती. कोणी विचारत नव्हतं. मी चार वर्षं पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीतून बांबू खांद्यावर आणले होते. कुड साळूनं विणला, लिंपला. मुकादम सांगायला आला, "पेंढा चढवून घे. पाऊस कोणासाठी थांबत नाय."

मी चढलो. पण चढवला नाय. उतरवला.

जुना पेंढा खाली टाकला. दोऱ्या सोडल्या, एकेक वासा काढून साळूच्या हातात दिला. ती खाली मोळी बांधत होती. शेजारच्या खोपटातला धोंडू बाहेर आला, बघत राहिला. "येडा झालास काय रे?" म्हणाला. मुकादम पळत गेला आणि शेटला घेऊन आला. ते दिवस मचवे भरायच्या घाईचे. शेटला माझ्यासारखे हमाल तेव्हाच लागायचे.

"काय चाललंय हे? घर कोणाचं ते?"

"जमीन तुमची हाय, शेट. ती नाय उचलली. गज आणा नि मोजून घ्या. एक बोट कमी भरली तर सांगा."

"शिंगं फुटली काय तुला?"

"तुमीच म्हणला होता, फुटली की सांग."

धोंडू हसला. मग घाबरून तोंडावर हात ठेवला.

शेटनं मुकादमाकडं बघितलं, नदीकडं बघितलं, भरायच्या राहिलेल्या मचव्यांकडं बघितलं. आवाज खाली आला. "बरं. पाच आणे घे. उतर खाली."

त्या एका आण्याला हो म्हणावंसं वाटलं, खोटं नाय बोलत. पण आढं काढल्यावर वरून खाली दिसत होतं. आठ हातांत चूल, मडकी, गोधडी, आणि मधल्या मातीत मी चार वर्षं वाकून चाललेली वाट.

"आणे मागाहून बोलू," मी म्हणालो. "आधी मुसळ उभं उचलता येईल असं घर. आणि हिचं कांडण बंद."

"म्हणजे हमालाच्या बायकोनं झोपाळ्यावर बसायचं का?"

साळूनं मोळी डोक्यावर घेतली होती, मुसळ हातात. ती म्हणाली, "कांडायचं का बसायचं, ते मी ठरवीन, शेट."

शेट तिच्याशी बोलला नाय. मला म्हणाला, "महाडात तुला कोणी उभा करणार नाही."

"इथं उभा राहिलोच कुठं होतो?" मी म्हणालो.

निघालो. धोंडूला म्हटलं चल. तो म्हणाला, "तू हो पुढं, येतो मी." तो आला नाय. आठ दिवसांत शेटनं त्या जागेवर दुसरं खोपट उभं केलं, तेवढंच ठेंगणं, आणि त्यात दुसरं जोडपं. हे मला नंतर कळलं. मी काय जग बदललं नाय.

पोलादपूरला पोचलो तेव्हा वाशांनी खांद्याची सालटी निघाली होती. आंबेनळीच्या घाटात दरडी काढायचं, खडी फोडायचं काम होतं. तिथला मिस्त्री म्हणाला, "पाच आणे, वर राहायला झोपडी." मी झोपडी बघितली. साळूला म्हटलं, "मुसळ उचल गो." तिनं उचललं. वर लागलं. मिस्त्री बघतच राहिला. मी म्हटलं, "झोपडी तुमची तुमाला. आमाला सहा आणे द्या, आणि हिची मजुरी हिच्या हातात." पाच दिवस त्यानं काम दिलं नाय. पाच दिवस आम्ही नाचणीची आंबील पिऊन काढले. सहाव्या दिवशी वळवाच्या पावसानं रस्त्यावर दरड आली, तेव्हा बोलावणं आलं. सहा आण्यांनी.

उतारावर पडीक जागेत आमचेच वासे उभे केले, पण या वेळी उंच. भिंती कमी पडल्या, वारा आत शिरायचा. पण पावसाळ्यात साळूनं घरात उखळ मांडलं, मुसळ वर नेलं, आणि ते कशाला लागलं नाय. तिनं तीनदा नेलं वर. नुसतंच. भात घालायच्या आधी.

आता माझा नातू मुंबईला गिरणीत हाय. पत्रात पगार लिहितो. मी उलट लिहून विचारतो, खोलीत किती जणं निजता, उभ्यानं कपडे बदलता येतात काय, भाडं देऊन महिनाअखेरीला काय खाता. पगाराचा आकडा मला नुसता नको. तो म्हणतो, आज्याला हिशेब कळत नाय. कळतो. कष्टाचा दाम चांगला का वाईट ते घरात उभं राहून कळतं. आडवं पडून नाय कळत.

ते मुसळ अजून माझ्याकडं हाय. मधे पकडायच्या जागी साळूच्या हातानं खोल झालंय. नातवाला सांगून ठेवलंय, मुंबईत नवी खोली घेशील तेव्हा हे घेऊन जा. वर लागलं तर ती खोली घेऊ नको, आणि ज्या पगारात तेवढीच खोली मिळते त्या पगाराला हो म्हणू नको.

शेटच्या अंगणात एकदा हसलो. ते एकदाच. मला आडवा करून मोजायचा हक्क आता फक्त तिरडी बांधणाऱ्यांचा. तोवर कोणाला मोजायचं असेल तर गज घेऊन या. उभ्यानं मोजा.