न वाजलेली पट्टी

मोझांबिकमधल्या आमच्या झवालात जोसियास न्याम्बिरने बनवलेल्या तिंबिला या वाद्याला तोड नव्हती. म्वेंजेच्या लाकडाच्या पट्ट्या एका ओळीत, प्रत्येकीखाली फळाची पोकळ कवटी. टिपरी पडली की झाडाखालची हवासुद्धा गुणगुणायला लागायची. सत्तरीतही तो डोळे मिटून काम करायचा. टिपरी खाली ठेवली तरी सूर त्याच्या डोक्यात तरंगत राहायचे, दूर समुद्रावर कुणी वाजवत असल्यासारखे. माणूस अगदी सुखात होता.

त्या दुपारी वादकांचा म्होरक्या आमोसे नवी तिंबिला न्यायला येणार होता. एकच पट्टी जुळवायची राहिली होती, सगळ्यांत छोटी, सगळ्यांत उंच सुराची. म्वेंजेचं लाकूड संपलेलं. ही बिघडली तर दुसरी नाही. जोसियासने ती वाजवली आणि मान डोलावली.

"वा! मधासारखी."

"उतरलीय ती," त्याची बायको एझेलिना म्हणाली.

"तुला काय कळतं गं? बायकांनी कधी तिंबिला केलीय?"

"मी वाजवते, तुम्ही ऐका. मिटा डोळे."

त्याने डोळे मिटले. ती एकेक पट्टी वाजवत वर चढत गेली. शेवटच्या पट्टीशी मात्र तिने टिपरी बोटभर वरच थांबवली. जोसियासची मान बरोबर त्याच क्षणी डोलली.

"ऐकलंस? आता सांग, काय चुकलंय तिच्यात?"

"अहो, मी ती वाजवलीच नाही."

त्याने डोळे उघडले. टिपरी हवेतच होती. तो हसला, मग तिच्या हातून टिपरी घेऊन पट्टीवर जोरात मारली. हाताला हादरा बसला. कानात मात्र काहीच आलं नाही.

कानाच्या आतल्या शंखात केसांसारखे बारीक तंतू असतात. उंच सुरांचे तंतू दाराशीच, म्हणून आधी तेच झिजतात. पण मेंदू भारी मायाळू. हरवलेला सूर तो जुन्या साठ्यातून काढून देतो आणि मालकाला पत्ता लागू देत नाही; पत्ता लागला की मात्र ती जादू संपते. जोसियास आपल्या तरुणपणीची तिंबिला ऐकत होता.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"मग गेल्या वर्षी दिल्या त्या?"

"तुमचा डोळा लागला की मी खरवडायचे. आज वेळच नाही मिळाला."

आधी त्याला राग आला, मग लाज वाटली. शेवटी त्याने सुरी तिच्यासमोर धरली.

"कुठे खरवडतेस? आणि शिकलीस कुणाकडून?"

"टोकाला. सूर चढतो. काम करताना तुम्हीच बडबडत असता की!"

तिने सुरी घेऊन छोट्या पट्टीचं टोक खरवडलं. आमोसे आला, त्याने तिंबिला वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिली आणि खूश झाला. "बाबा, या वयात काय कान आहे तुमचा!"

"माझा नाही," जोसियास म्हणाला. "माझे कान गेले. हे एझेलिनाने जुळवलंय. तीन वर्षं तीच जुळवतेय."

आमोसे तिच्याकडे बघतच राहिला. "बसा, जेवण होतंय," एवढंच ती म्हणाली आणि लगबगीने चुलीकडे वळली, कारण तिला रडू आवरत नव्हतं.