फ्रिजचं दार आणि एक मिनिट

आमच्या हॉस्पिटलच्या कंट्रोल रूममध्ये काकू वीस वर्षं बसताहेत. लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, ऑक्सिजन, एसी, सगळ्यांची ओरड त्यांच्याच टेबलावर. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा प्रत्येक अलार्मचा प्रकार ठरवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. लाल म्हणजे हातातलं टाकून पळा, पिवळा म्हणजे तासाभरात बघा, राखाडी म्हणजे नुसती नोंद.

झालं! जो तो आपलंच घोडं पुढे दामटायला लागला. मोठ्या साहेबांना तर त्यांच्या केबिनचा एसीसुद्धा लाल हवा होता. काकूंनी तो राखाडीत टाकला. "साहेबांना घाम आला म्हणून कुणी मरत नाही," म्हणाल्या. समोरच्या टेबलावर मी हसून हसून बेजार. सहाशे अलार्ममधले अकराच त्यांनी लाल ठेवले. त्यातला एक रक्तपेढीच्या फ्रिजचा: दार एक मिनिटाहून जास्त उघडं राहिलं की लाल, कारण आतलं रक्त तापून खराब होतं.

रक्तपेढीत काकूंची सख्खी धाकटी बहीण कामाला होती. तिचा उजवा खांदा आखडलेला, जड ट्रे एकाच हाताने काढायची. उशीर होतो म्हणून दोन मेमो आधीच मिळाले होते. तिसरा आला की घरी. एका दुपारी ती खाली आली.

"ताई, तीन मिनिटं टाक ना गं. कुणाला कळतंय?"

दुसऱ्या दिवशी काकू घड्याळ घेऊन दिवसभर तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आत तिचं एकदाही उरकलं नाही. मग काकूंनी साहेबांना लिहून दिलं, ट्रे खालच्या कप्प्यात हलवा, नाहीतर तिच्या जोडीला माणूस द्या. साहेब म्हणाले, "बघू." या 'बघू'ची मला भयंकर चीड आहे.

मी म्हटलं, "काकू, डोळे झाका आणि तीन टाका."

"ती पिशवी कुणाला तरी लावणार आहेत रे," त्या म्हणाल्या, आणि एक मिनिटच ठेवलं. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा आहे.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी नऊ वेळा लाल वाजला. तिसरा मेमो निघाला. जाताना बहीण कंट्रोल रूमच्या दारात थांबली.

"तुला माहीत होतं ना, ताई?"

"हो."

एवढंच. नंतर काकू बराच वेळ बाथरूममध्ये होत्या. तोवर त्यांचे फोन मी घेतले.

महिनाअखेरीला साहेब रिपोर्ट घेऊन आले. रक्तपेढीच्या नव्या बाईच्या खात्यात लाल शून्य.

"वा काकू! सेटिंग एकदम फिट जमलंय."

"सेटिंग तेच आहे, साहेब," काकू म्हणाल्या. "माझी बहीण नाहीये."

साहेबांनी मान डोलावली आणि पान उलटलं.